आप्पांच्या वहीतल्या रेघा

जानेवारीचा दुसरा रविवार, सकाळी सात. मोजणीला हजर: मी शालन, धाकटी जाऊ सुमन, वल्ह्यावर शंकरमामा. हजेरी लिहिल्याबिगर मी होडीत पाय ठेवत न्हाई.

माझं माहेर शिरूरकडचं, वडगाव रासाई. लग्न होऊन दौंडकडं आले, धरणाचं पाणी मागं पसरलंय त्या काठाला. सासरे, म्हंजी आप्पा, मासे धरायचे आन् दर हिवाळ्यात लालसरी मोजायचे. लाल डोक्याचं बदक, बुडी मारून पाण्याखालचं शेवाळ खातं, थंडीपुरतं येतं. आप्पा असताना मी कधी होडीत बसले न्हवते, तवाही वल्ह्यावर शंकरमामाच असायचे. ते गेल्यावर वही माझ्याकडं आली. त्यांच्या पानावर साठेक रेघा, माझ्याही पानावर साठेक. काय सांगू तुम्हाला, केवढा आनंद व्हायचा! पाणी नासलं, माणसं बदलली, पण बदकं तेवढीच. फिरायला येणाऱ्यांसाठी मोटारबोटी सोडायच्या ठरल्या तवा ग्रामपंचायतीनं विचारलं, वहिनी, बदकं घटत तर न्हाईत ना? मी सहीनिशी लिहून दिलं, आप्पांच्या वेळेइतकीच हायेत. बोटी सुरू झाल्या, त्यातली एक सुमनच्या मुलाची.

त्या रविवारी मोजून झाल्यावर मी म्हटलं, एकसष्ट, आप्पांच्या वेळेसारखीच. शंकरमामा हसायलाच लागले. अगं, एकसष्ट बदकांसाठी तुझा सासरा होडी सोडणारा होता व्हय? मासळी मोजतो तशी कोडीनं मोजायचा तो. वीस झाली की एक रेघ. सुमन म्हणाली, मामा, सकाळी सकाळी थट्टा नको. मामा म्हणाले, थट्टा कशाला, वीस झाली, ओढ रेघ, असं मीच वरडायचो की.

मी आप्पांचं पान पुन्हा उघडलं. वाण्याची यादी दोनदा तपासणारी बाई मी, आन् इतके हिवाळे एक रेघ म्हंजी एक बदक धरून बसले! मामांना एकदासुद्धा विचारलं न्हाई. विसातलं एक उरलं होतं आन् मी सगळ्यांना सांगत होते, काळजी नको. समोर एवढं मोठं पाणी मोकळं पडलेलं, आन् मला वाटायचं ते असंच असतं.

परत येताना सुमन एवढंच म्हणाली, ताई, हे पंचायतीत सांगणार का तुम्ही? मी म्हटलं, सांगावं लागंल. तवापासनं ती माझ्याशी बोलत न्हाई. तिच्या पोराचं पोट त्या बोटीवर, मला कळतं की. आता तीनदा पत्र लिहायला बसले. आधीची नोंद माझ्याकडून चुकली, इथपर्यंत लिहून झालंय. खाली सही तेवढी करायची राहिलीय.