वगळलेलं गिऱ्हाईक

दाताच्या दवाखान्यात ठणकती दाढ धरून बसलेल्या आजोबांचे कान मात्र ठणठणीत होते. शेजारी कापडी बाहुल्या विकणारी वहिनी आणि तिची वेबसाइट सांभाळणारी नणंद बोलत होत्या.

“बंद करू या दुकान. रोज शंभर माणसं वेबसाइटवर डोकावतात आणि बाहुल्या जातात दोन-तीन. माझ्या हातातच खोट असणार.”

“वहिनी, वेबसाइट किती वेळा उघडली ते मोजणारा ट्रॅकिंग कोड असतो ना, त्यात काल मी आपल्या घरातले फोन मोजणीतून वगळले.”

“बरं, मग?”

“मग उरल्या चार बायका. त्यातल्या तिघींनी बाहुली घेतली!”

“अगं, मग बाकीची जत्रा कुणाची?”

“दादाची! आकडा वाढला की तुझा चेहरा खुलतो, म्हणून जेवताना, दाढी करताना सारखी उघडझाप.”

“अगं बाई! आणि मी शिवणयंत्र विकायला निघाले होते! तू पाहिलंस म्हणून वाचले गं. काय देऊ तुला?”

“टोपीवाली बाहुली. फुकट.”

तेवढ्यात डॉक्टरांच्या खोलीतून बधिर तोंडाने वहिनीचा नवरा बाहेर आला. सवयीने त्याने फोन काढला आणि बायकोला पाहून लगबगीने लपवला.

“अहो, उघडा खुशाल! आता तुम्हाला कुणी मोजत नाही,” वहिनी म्हणाली. “पण येत जा.”