नरसय्यांची ओली पोती

सत्तरच्या दशकात मी सीनियर इंजिनिअर झालो होतो आणि त्याची मला मिजासही होती. सोलापुरातल्या एका मागाच्या कारखान्यात उकाड्यानं माणसं चक्कर येऊन पडायची, म्हणून मी भिंतीत मोठे पंखे बसवून दिले. ते गरम हवा बाहेर फेकणार होते. आठवड्यानं बघायला गेलो तर पंखे बंद आणि खिडक्यांना ओली पोती टांगलेली.

"हे कुणी केलं?" मी तडकलो.

"मी केलं की," मागावरचे जुने विणकर नरसय्या म्हणाले. "तुमच्या पंख्यानं खिडकीतनं लई कोरडा वारा आत येतोय साहेब. सूत वाळून तटातट तुटतंय."

"आणि माणसांना उकडतंय त्याचं काय?"

"माणूस सोसतंय. सूत न्हाय सोसत."

मी एका ओल्या पोत्याला हात लावून पाहिला. मग म्हटलं, "पोती राहू द्या. पंखे सुरू करा."

ओल्या पोत्यांतून वारा आत आला. तासाभरात शेड गार झाली आणि सूतही तुटेना.

नव्या नकाशात मी खिडक्यांना ओले पडदे काढले आणि नरसय्यांना दाखवले. बराच वेळ बोट फिरवून ते म्हणाले, "दार इसरलं की साहेब. तिथनं बी कोरडाच वारा येतोय."

मी पेन्सिल त्यांच्याच हातात दिली.