तिसरा सिलिंडर

स्पेअर पार्टच्या दुकानात, रांगेत माझ्यापुढे एक गृहस्थ आणि त्यांचा मेहुणा उभे होते.

“भाऊजी, ताईनं स्पोर्ट्‌स कारचं इंजिन खरंच घरी खोललं?”

“एकटीनं! सगळे भाग जेवणाच्या टेबलावर. महिनाभर आम्ही जमिनीवर बसून जेवलो.”

“मग परत जोडता आलं?”

“काल जोडलं. किल्ली फिरवताच गाडी अशी गरजली, की अख्ख्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या. ही मात्र बॉनेटपाशी कान देऊन उभी. म्हणाली, तिसरा सिलिंडर रुसलाय.”

“तुम्हाला काही ऐकू आलं?”

“छे! पण आज सकाळी तिनं उघडून दाखवलं. व्हॉल्व्हला केसाएवढी चीर.”

“बापरे! म्हणजे टेबल पुन्हा गेलं?”

“गेलं कसलं! मीच ताटं उचलून तिला जागा करून दिली.”