उचंत खातं

मंडळी, ऐका. एक साधा प्रश्न विचारतो. ‘मला माहीत नाही’ — तीन शब्द! ते म्हणताना आपली जीभ एवढी जड का होते?

मिरजेत पाण्याच्या मोटारींची एक पेढी. तिथं बापू खोत हिशेबनीस, तीस वर्षांची नोकरी! पेढीवर नवं सॉफ्टवेअर आलं. गिऱ्हाइकाचे पैसे बँकेत आले, की कुणाचे, कुठल्या बिलाचे, हे ते आपलं आपण ओळखायचं आणि जमा करायचं. नाही ओळखलं, तर उचंत खात्यात. म्हणजे धनी सापडेपर्यंत पैसे बाजूला — व्यापारी मंडळी हसतायत, त्यांना ठाऊक आहे!

मालकांचा हट्ट, महिनाअखेर उचंत कोरं पाहिजे. मार्चला एक रक्कम उरली, अठरा हजार चारशे. पाठवणारे कुणी एस. बी. मगदूम. बापूंनी ती जतच्या एका मगदूम गिऱ्हाइकाच्या नावावर टाकली. विचारलं का? फोन हाताशी होता! पण तीस वर्षांचा हिशेबनीस विचारेल कसा? आणि जतकर गप्प — आयतं आलेलं कोण परत करतो?

पैसे होते कवठ्याच्या शकुंतलाबाईंचे. नवऱ्यामागं दुकान त्याच चालवतात. त्यांच्या दिरानं, म्हणजे त्याच एस. बी. मगदुमांनी, आपल्या खात्यातून पाठवले होते. इकडे बाकी दिसते म्हणून ऐन उन्हाळ्यात त्यांचा माल बंद! बाई पेढीवर आल्या. चार व्यापारी बसलेले. बापूंनी स्क्रीन बाईंकडे वळवली नि म्हणाले, “बाई, मशीन खोटं बोलत नाही.”

बाईंचे डोळे भरले. बँकेची पावती टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या.

बापूंनी पावतीवरचा नंबर ताडून पाहिला, आणि कळलं, जतला टाकलेले अठरा हजार चारशे ते हेच. दुरुस्ती दोन मिनिटांची. केली. संध्याकाळी माल रवाना. मिटलं? कुठलं मिटतंय! ‘कवठ्याची बाई पैसे बुडवते’ हे बाजारभर झालं होतं. ते पुसायचं बटण कुठाय?

दुसऱ्या दिवशी बापू एसटीनं कवठ्याला गेले. दुकानात गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर हात जोडले.

“वहिनी, मशीन खोटं बोललंच नव्हतं. ओळख पटत नाही म्हणून त्यानं पैसे बाजूला ठेवले होते. मला तेवढंही म्हणता आलं नाही.”

शकुंतलाबाई शांतपणे म्हणाल्या, “मला कशाला सांगता? मला माहीत होतं. त्या चौघांना सांगा.”

आणि बापू गेले, मंडळी. चारही दारं चढले. लाज वाटली, पण गेले.

आता माझ्याकडं नका बघू. न विचारता आपण कुणाला लबाड ठरवलं, कुणाला चोर, ते आठवा. देवाचं नाव घ्यायला मी आहे, तुम्ही आहात. पण ती दारं तुमची तुम्हालाच चढायची आहेत. उद्या सकाळी पहिलं कुणाचं?