कोणालाही सांगू नका

मॅडम: शेवटी चौऱ्याऐंशी. हा मोबाइल नंबर कोणाचा?

मुलगी: बाबांचा.

मॅडम: आणि तुझा?

मुलगी: आमच्या घरात सगळ्या फॉर्मवर बाबांचाच असतो, मॅडम. गॅसपासून माझ्या दहावीपर्यंत. एमएस्सीलाही तोच होता. सवयीने टाकला.

मॅडम: पीएचडीला आलीस तरी सवय काही सुटली नाही. आता तो बदलायचा म्हणजे अर्ज, त्यावर तुझ्या मार्गदर्शकांची सही, मग तीन दिवस. आणि सर तर परिषदेला गेलेत.

मुलगी: पण आज शेवटचा दिवस आहे.

मॅडम: ते तू मला सांगतेस? सकाळपासून मीच सगळ्यांना सांगतेय. पाचला पोर्टल बंद. उद्या दहाला प्रतीक्षायादी, तुझ्या जागेवर पुढचा माणूस. चार दिवस करत काय होतीस?

मुलगी: पहिल्या दिवशी वसतिगृहात गेले, ते म्हणाले ओळखपत्र आणा. ओळखपत्राच्या खिडकीवर म्हणाले नोंदणी क्रमांक आणा. नोंदणीला आले तर तुम्ही म्हणालात वैद्यकीय दाखला. दवाखान्यात डॉक्टर एक दिवसाआड. काल दाखला मिळाला आणि काल संध्याकाळीच जिन्यावरून फोन पडला. सिमसकट दुकानात दिलाय, दुकानदार म्हणतो, उद्या देतो.

मॅडम: सामान कुठे ठेवलंयस?

मुलगी: वसतिगृहाच्या चौकीदाराच्या खोलीत. बांधलेलंच आहे अजून. मी एका मुलीच्या खोलीत खाली झोपते. कपडे तिचेच घातलेत.

मॅडम: तरीच ढगळ दिसतायत. बरं, ऐक. कागद पूर्ण आहेत. फक्त ओटीपी हवा. तीनदाच मागता येतो. तिसराही चुकला तर चोवीस तास कुलूप. एक नंबर दहा मिनिटं चालतो. सव्वाचार झालेत. हा घे माझा फोन, लाव वडिलांना, आणि स्पीकरवर ठेव. मी इकडून पाठवते.

बाबा: हॅलो. कोण?

मुलगी: बाबा, मी बोलतेय.

बाबा: मी म्हणजे कोण?

मुलगी: मी, चिमी. माझा फोन बिघडलाय, म्हणून ऑफिसातल्या मॅडमच्या फोनवरून बोलतेय. तुम्हाला आत्ता एक मेसेज आला असेल. सहा आकडे आहेत. तेवढे वाचून दाखवा.

बाबा: फोन बिघडलाय.

मुलगी: हो.

बाबा: दुसऱ्याच्या फोनवरून बोलतेस. आणि आता घाई आहे म्हणशील.

मुलगी: घाई आहेच, बाबा. पाचला सगळं बंद होतंय.

बाबा: एकदा घर धुऊन नेलंत, तेवढ्याने पोट भरलं नाही का तुमचं? काही लाज?

मुलगी: बाबा? अहो बाबा, काय म्हणताय? ... ठेवला त्यांनी.

मॅडम: हे कोणाला म्हणाले?

मुलगी: मला माहीत नाही. ते असं कधी बोलत नाहीत कोणाशी. गिऱ्हाइकाने झंपर चारदा उसवायला लावला तरी आवाज चढत नाही त्यांचा.

मॅडम: शिवणकाम करतात?

मुलगी: हो. आई गेल्यापासून एकटेच असतात दुकानात.

मॅडम: आण इकडे, मी बोलते. म्हाताऱ्या माणसांशी जरा ठामपणे बोलावं लागतं. ... नमस्कार. मी विद्यापीठातून बोलतेय, पीएचडी विभाग. तुमची मुलगी माझ्यासमोर बसलीय. कार्यालयीन कामासाठी तुमच्या मोबाइलवर आलेला क्रमांक हवा आहे.

बाबा: परवाचे साहेब कुठे गेले? आज बाई ठेवल्यात का?

मॅडम: कोण साहेब?

बाबा: त्यांचाही आवाज असाच होता. सरकारी. मुलगी माझ्यासमोर बसलीय, असंच म्हणाले होते. तुम्ही सगळे एकाच ठिकाणी शिकता का हो हे?

मॅडम: हे बघा, गैरसमज होतोय तुमचा. मेसेज उघडा, वर विद्यापीठाचं नाव असेल.

बाबा: परवाही कसलं तरी नाव होतंच. खाली लिहिलं होतं, कोणालाही सांगू नका. ते मात्र मी वाचलं नव्हतं. आता वाचलंय. कोणालाही म्हणजे कोणालाही.

मॅडम: अहो, ऐका तरी... ठेवला. तुझ्या वडिलांना कोणीतरी फसवलंय, पोरी.

मुलगी: कधी? मी तर मंगळवारीच निघाले.

मॅडम: परवा म्हणाले ना. तू निघाल्यानंतरच. आता तू बोललीस तेही त्यांना सगळं तसंच वाटलं असणार.

मुलगी: पण मला काहीच कळवलं नाही त्यांनी. परवा तर माझा फोन चांगला होता.

मॅडम: ते नंतर. पहिल्या नंबरची वेळ गेली. दुसरा पाठवतेय. चार अठ्ठावीस. या वेळी काहीतरी असं सांग, जे फक्त तुलाच माहीत असेल.

मुलगी: बाबा, ठेवू नका. मी चिमीच आहे. विचारा मला काहीही. काय हवं ते विचारा.

बाबा: बरं. शाळेत जाताना तुझ्या स्कर्टला खिसा कुठे होता?

मुलगी: उजवीकडे एक. आणि आत कमरेच्या पट्टीला एक चोरखिसा, बसच्या पाससाठी. बाकीच्या मुलींना नव्हता. मैत्रिणींनी मागितला तर तुम्ही सगळ्यांना फुकटात लावून दिला, आणि आई दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही. बरोबर आहे ना?

बाबा: हे त्या मैत्रिणींनाही माहीत आहे. त्यांच्या आयांना माहीत आहे. तुम्हाला तर माझ्या बँकेचं नाव माहीत होतं, बायकोचं नाव माहीत होतं. थांब. एक विचारतो. तू निघायच्या आदल्या दिवशी तुझ्या मोठ्या बॅगेत मी काय शिवलं?

मुलगी: मोठ्या बॅगेत?

बाबा: सांग.

मुलगी: तुम्ही... चेन बदललीत?

बाबा: चेन चांगली होती.

मुलगी: मग पट्टा. पट्टा उसवला होता.

बाबा: नाही.

मुलगी: बाबा, मी बॅग उघडलीच नाही. खोलीच मिळाली नाही अजून. बॅग चौकीदाराकडे पडलीय, शपथ सांगते. नोंदणी झाल्याशिवाय खोली नाही, आणि तुम्ही नंबर दिल्याशिवाय नोंदणी नाही.

बाबा: म्हणजे चार दिवस माझ्या मुलीने बॅग उघडली नाही. कपडे काय घातले मग?

मुलगी: दुसरीचे.

बाबा: फोन दुसऱ्याचा, कपडे दुसरीचे. आणि आवाज तेवढा तिचा. परवाचाही तिचाच वाटला होता मला.

मुलगी: काय झालं परवा? मला सांगा ना.

बाबा: मी तुम्हाला सांगू? दुपारी फोन आला. पोरगी रडत होती, नुसतं बाबा बाबा करत होती. मीच म्हणालो, चिमे, तू आहेस का? मग ती म्हणाली, हो, चिमी. नावसुद्धा मीच पुरवलं तुम्हाला. म्हणाली, बॅग गेली, दाखले गेले, साहेबांनी बसवून ठेवलंय. मग तुमचे साहेब बोलले. मी आकडे वाचून दाखवले. दोनदा. दुसऱ्यांदा चष्मा पुसून वाचले, एखादा चुकायला नको म्हणून.

मुलगी: अरे देवा.

बाबा: खातं झाडून नेलंत. आता तिच्या आईच्या नावची ठेव तेवढी उरलीय. तीच हवीय ना?

मुलगी: पोलिसांत गेलात का?

बाबा: कोणत्या तोंडाने जाऊ? गिऱ्हाइकाचं माप बोटभर चुकलं तर झोप लागत नाही मला. आणि पोरीचा आवाज ओळखता येत नाही, हे सांगू त्यांना?

मॅडम: अगं, वेळ बघ. दुसराही गेला. चार अडतीस.

मुलगी: बाबा, ऐका. आता मी काही मागत नाही. नंबर देऊ नका.

मॅडम: काय बोलतेयस तू?

मुलगी: कोणालाच देऊ नका. मलासुद्धा नाही. आज नाही, उद्या नाही. माझ्या फोनवरून मागितला तरी नाही. समोरच्या औषधाच्या दुकानातल्या दादांना बरोबर घ्या आणि आत्ता पोलिसांत जा. मग बँकेत. आईच्या ठेवीचं आधी सांगा, तिला कोणी हात लावता कामा नये. कळलं?

बाबा: आणि तुझं काय?

मुलगी: माझं होईल. पुढच्या वर्षी परत फॉर्म भरेन. शाळेतली प्रयोगशाळेची नोकरी आहेच, ते म्हणालेच होते की केव्हाही या. तुम्ही काही चूक केली नाहीत, बाबा. पोरगी रडत होती म्हणून तुम्ही दिलात. ती मी असते तरी तुम्ही असाच दिला असता ना? जेवलात का दुपारी? बाबा? ... ठेवला.

मॅडम: हात टेकले बाई तुझ्यापुढे. एक नंबर उरला होता. रडून, ओरडून, कसाही काढून घ्यायचा.

मुलगी: तिनेही रडूनच काढला.

मॅडम: नोकरी आहे ना पण? परत घेतील ना?

मुलगी: नाही. माझ्या जागेवर त्याच आठवड्यात दुसरी घेतली त्यांनी. मला परत जायला काही नाही, मॅडम. पाच वर्षं परीक्षानळ्या धुतल्या, दोनदा प्रवेश परीक्षेत आपटले, तेव्हा कुठे ही जागा मिळाली. सरांनी टेबलसुद्धा दाखवलं होतं, खिडकीजवळचं. मला फार भीती वाटतेय. इथून उठले तर कुठे जाऊ तेच कळत नाही.

मॅडम: बस मग. उठू नकोस.

मुलगी: तुम्ही काय करताय?

मॅडम: तिसरा पाठवला. चार शेहेचाळीस.

मुलगी: कशाला? ते देणार नाहीत. देऊ नयेत.

मॅडम: नाही दिला तर नाही. माझ्याकडे ठेवून त्याचं लोणचं थोडंच घालायचंय? पाणी पी. पुढची फाइल बघते तोवर.

(चार त्रेपन्नला मॅडमचा फोन वाजतो.)

मॅडम: हॅलो. हो, मीच. हो, बसलीय अजून.

बाबा: लिहून घ्या. सात. शून्य. तीन.

मॅडम: सात, शून्य, तीन. पुढे?

बाबा: थांबा, आकडे सरकतायत. फोन कानाला लावला की मेसेज दिसत नाही, म्हणून कागदावर उतरवलाय. तीन झाले ना? मग आठ. आठ. एक.

मॅडम: आठ, आठ, एक. थांबा हं. फिरतंय.

मुलगी: बाबा, मी देऊ नका म्हटलं होतं.

बाबा: लागला का?

मॅडम: फिरतंय अजून. या वेळी सगळे एकदमच येतात ना मेले, मशीनचं डोकं बंद पडतं. थांब. थांब जरा. झालं. नोंदणी क्रमांक आला. घे, बघ, तुझं नाव. वडिलांना सांग.

मुलगी: लागला, बाबा. झाली नोंदणी.

बाबा: बरं.

मुलगी: रडू नका ना.

बाबा: मी कुठे रडतोय? मशीनचा आवाज आहे.

मुलगी: पोलिसांत गेलात?

बाबा: दादाला हाक मारलीय. दुकान बंद करतोय तो. निघतोच आहोत.

मुलगी: मग पटलं ना शेवटी, मीच होते ते? मी देऊ नका म्हटलं, तेव्हा पटलं?

बाबा: नाही.

मुलगी: नाही?

बाबा: तेव्हा वाटलं, ही त्या दिवशीच्या पोरीपेक्षा हुशार दिसतेय. मग हात धुऊन ताटावर बसलो. दुपारचं तसंच झाकून ठेवलं होतं.

मुलगी: मग दिलात कसा? आईची ठेव आहे ना बँकेत?

बाबा: जेवताना विचार केला. ती पोरगी असेल आणि मी नंबर दिला, तर ठेव जाईल. पण पलीकडे तू असशील आणि मी फोन ठेवला असेल, तर? ताटावरून उठलो, आणि लावला फोन.

मुलगी: बाबा, मीच आहे. खरंच मीच आहे.

बाबा: तुझा फोन कधी मिळणार?

मुलगी: उद्या. दुपारपर्यंत.

बाबा: मग मिळाला की त्याच्यावरून कर, आणि बॅग उघडून आत काय शिवलंय ते सांग. तोवर मी तूच होतीस असं धरून चालतो.