गाडी गरम झाली

काजल: बाबा, बोनट बंद करा आता. म्या झाकणाले हात लावून पाह्यला. थंडगार हाय.

निवृत्ती: हात लावून समजत असते काय इंजिनचं? गरम झाली गाडी. थंडी होऊ दे.

काजल: सकाळी गावात अर्धा घंटा चालू उभी होती, तवा नाही झाली गरम. इथं पूल दिसला अन् लगेच झाली?

निवृत्ती: कॅन दे पाण्याचा.

काजल: रेडिएटरमधी नाकापर्यंत पाणी भरलं हाय. आता टाकसान तं बाहेर येईन.

निवृत्ती: काजल, कॅन दे म्हटलं.

काजल: घ्या... हे पाहा, सांडलं ना? पायावर माह्या!

निवृत्ती: तू घरीच राहाले पाहिजे होतं. उद्या दहावीचा पहिला पेपर, अन् बाई हिंडून राह्यली बापासोबत काळीपिवळी जीपमधी.

काजल: मराठीचा पेपर हाय, बाबा. मराठी तं माही झोपेत होईन. अन् मी हिंडाले नाही आली. आई म्हणे, तुह्या बापाचं शुक्रवारपासून जेवणात ध्यान नाही, जाय सोबत अन् पाह्य.

निवृत्ती: काय पाह्य म्हणे?

काजल: तेच पाहून राह्यली. बाबा, खरं सांगा. ह्या पुलावरून तुम्ही जातच नाही ना?

निवृत्ती: गेलो हो. नवा झाला तवा.

काजल: अन् मंग?

निवृत्ती: मंग खालच्या पुलानं. तो रस्ता जवळ पडते.

काजल: जवळ? भल्ला दूर पडते तो, चार किलोमीटरचा फेरा हाय! पॅसिंजर बोंबलत, तरी तुम्ही खालूनच नेत. आता शुक्रवारी तो खालचा पूलही खोदून टाकला. अन् शुक्रवारपासूनच तुमचं जेवण गेलं. म्या जोडलं बरोबर.

निवृत्ती: लय हुशार झाली.

काजल: झाली ना! उद्या नऊ पोरी बसतीन तुमच्या गाडीत. मी, करिष्मा अन् वर्गातल्या सात जणी. जळगाव जामोदले अकराचा पेपर, अन् एसटी पोचते साडेअकराले. तुम्ही घरोघरी जाऊन सांगितलं, चिंता करू नका, पोरी माह्याकडं लागल्या. मंग उद्या पुलाच्या मधात गाडी गरम झाली तं?

निवृत्ती: म्हणून तं आलो आज. ऐतवार हाय, रस्त्यावर गर्दी नाही. म्हटलं, एकटा एक चक्कर मारून पाहतो. तू येऊन बसली समोरच्या सीटवर.

काजल: गाडी पाहाले आले का स्वतःले?

निवृत्ती: चूप बस वं माय.

काजल: नाही बसत. आठवीपर्यंत चूप होती, तं तुम्हीच आईले म्हणत, पोरगी मुकी निघाली काय. आता बोलते तं चूप बस.

निवृत्ती: बस मंग. त्या दगडावर बस. मीही बसतो.

काजल: बाबा, काय झालं होतं त्या पुलावर?

निवृत्ती: दोन वर्षं झाले. बाजाराचा दिवस होता, दहा सीटा भरलेल्या. पुलावर चढलो. सहज कठड्याकडं पाह्यलं, तं कठड्याच्या पलीकडं काहीच नाही. नदी खाली, दोरीवानी पडेल. अन् एकदम हात माहे राह्यलेच नाही. स्टेरिंग धरेल हाय, पण धरलं कोणं ते समजे ना. गाडी आपोआप कठड्याकडं ओढून राह्यली असं वाटे. कानात शिट्टी. सगळा पूल गरगर फिरे. मधातच थांबवली. मांगून एक जण म्हणे, काय झालं हो निवृत्तीभाऊ? तोंडातून निघालं, गाडी गरम झाली.

काजल: अन् तवापासून गरमच हाय.

निवृत्ती: उतरलो, बोनट उघडलं, पाणी टाकलं. सगळे पाहून राह्यले होते. मंग त्या दहा जणाईले घेऊन कसा पार झालो, ते देवाले माहीत.

काजल: डॉक्टरले दाखवलं?

निवृत्ती: दाखवलं. तुह्या मायले म्हटलं चष्म्याचा नंबर काढाले जातो. बीपी चांगलं, शुगर चांगली, कानातही पाह्यलं. टेन्शन घेऊ नका म्हणे. मी घेतो थोडीच? ते येते.

काजल: मलेही स्टेजवर असंच होत होतं. मंग मॅडम म्हणे, शेवटच्या रांगेत एक जण धर, त्याच्याकडंच पाहून बोल. अन् पंधरा ऑगस्टले म्या...

निवृत्ती: बाई, ते भाषण हाय. हे स्टेरिंग हाय. तू चुकली तं टाळ्या कमी पडतीन. मी चुकलो तं नऊ घरं हायेत.

काजल: मंग दुसऱ्या कोणाले चालवाले सांगा.

निवृत्ती: कोणाले? सगळे मळणीच्या मागं. गुलाबराव तीस वर्षं एसटीत होते, तं त्याईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं मांगच्या आठवड्यात. थकलो पोरी. गाडी चालवून नाही थकलो एवढा. हे लपवून लपवून थकलो.

काजल: बाबा, मंजुळाआत्याची गोष्ट सांगा.

निवृत्ती: आता?

काजल: हाव, आता. पवळ्याची. नदीच्या रपट्यावर, पाणी वाहे तठी, अडे तो.

निवृत्ती: ते बैलाचं झालं.

काजल: मंग?

निवृत्ती: बापाले बैल म्हणतं काय?

काजल: मी कुठं म्हटलं? तुम्हीच म्हटलं! सांगा ना, आत्या काय करे?

निवृत्ती: काय करे... समोर चाले. दहा-अकरा वर्षांची असन. तुहे आबा बैलगाडीवर, अन् ही समोर, बैलाकडं पाठ करून. पवळ्या पाण्याकडं पाहे तं बिचके. तिच्या पाठीकडं पाहे तं चाले. आबा म्हणत, मंजुळे, वळून पाहू नको. तू वळली का त्याले वाटते, हिलेही भेव लागलं.

काजल: उठा.

निवृत्ती: कुठं?

काजल: पुलाच्या बाजूनं चालाले फुटपाथ हाय. मी चालते समोर. फोन लावते, तुम्ही स्पीकर चालू करून खिशात ठेवा. पिवळी ओढणी हाय माही, दुरून दिसते. कठडा पाहाचा नाही, नदी पाहाची नाही. फक्त माही पाठ.

निवृत्ती: वेडी झाली काय?

काजल: चारी बाजूचे लाईट लुकलुकत ठेवा, म्हणजे मांगचे बाजूनं जातीन. आज नाही जमलं तं आज समजन, बाबा. उद्या नऊ जणी बसल्यावर समजण्यापेक्षा बरं.

(काजल फुटपाथवर चालते आहे, फोन कानाला. गाडी तिच्या मागे, पहिल्या गिअरमध्ये.)

काजल: येते ना आवाज?

निवृत्ती: येते.

काजल: काय दिसते?

निवृत्ती: ओढणी. वेणी. वेणीचं रबर तुटाले आलं तुह्या.

काजल: रबराचं राहू द्या. क्लच हळू सोडा.

निवृत्ती: आता तू मले क्लच शिकवशीन?

काजल: असंच बोलत राहा. हा पहिला खांब... हा दुसरा. काय हवा हाय इथं, बाप्पा! बाबा, नदीत बगळे... नाही, नाही, काही नाही. तुम्ही पाहू नका. तिसरा... चौथा. बाबा? ...बाबा, इंजिनचा आवाज येऊन राह्यला, तुमचा नाही.

निवृत्ती: थांबलो.

काजल: कुठं?

निवृत्ती: मधात. तीच जागा. वळून पाहू नको.

काजल: नाही पाहत. काय होऊन राह्यलं?

निवृत्ती: शिट्टी. हात गेले.

काजल: गाडी गरम झाली काय, बाबा?

निवृत्ती: ...नाही. गाडी ठीक हाय. मले भेव लागून राह्यलं, काजल.

काजल: लागू द्या. मीही थांबली इथंच. खरं सांगू, मलेही लागून राह्यलं थोडं. म्या खाली पाह्यलं एकदा.

निवृत्ती: खाली कायले पाहतं? सांगितलं ना? समोर पाह्य!

काजल: आला! आला तुमचा आवाज! अजून रागवा.

निवृत्ती: मांगून ट्रक आला.

काजल: येऊ द्या. जागा हाय त्याले.

निवृत्ती: गेला. शिवी देऊन गेला.

काजल: म्या ऐकली.

निवृत्ती: ऐकली नाही तू. चाल समोर. सोडतो क्लच.

काजल: पाचवा खांब. सहावा. मराठीत निबंध आला ना 'माझे बाबा', तं ही शिवी सोडून सगळं लिहीन.

निवृत्ती: खबरदार.

काजल: सातवा. आठवा... पूल सरला, माती लागली, बाबा! आता वळू?

निवृत्ती: वळ.

काजल: अरे बाप्पा, किती घाम आला तुम्हाले! पाणी प्या.

निवृत्ती: माणसाच्या चालीनं नेली गाडी. आज जमलं. उद्या तू गाडीत असशीन.

काजल: काऊन असन? उद्याही खालीच असन. सगळ्याच असू. पुलाच्या अलीकडं नऊ जणी उतरू, समोर एका रांगेत चालू, अन् तुम्ही रिकामी गाडी घेऊन मांगून या. दहा मिनिटं लागतीन. पार झालो का बसू.

निवृत्ती: लोक हासतीन.

काजल: पहिले तं पोरीच हासतीन. मंग चालतीन.

निवृत्ती: त्याईच्या घरी काय सांगू?

काजल: मी सांगू?

निवृत्ती: नाही. शब्द म्या देल्ला. गुलाबरावले लाव फोन. करिष्माच्या आजोबापासून सुरू करतो.

गुलाबराव: हॅलो, कोण बोलते? डोळ्यावर काळा चष्मा हाय, नाव दिसत नाही.

निवृत्ती: निवृत्ती बोलतो, भाऊ.

गुलाबराव: बोल बे.

निवृत्ती: उद्या करिष्माले साडेआठच्या जागी आठले पाठवा. पोरींले पुलावर उतरून पायी चालावं लागन. गाडी रिकामी आणीन मांगून.

गुलाबराव: काऊन? अजून गरम होते? दोन वर्षांपासून ऐकून राह्यलो. आमच्या डेपोत असती तं एका दिवसात काढली असती खराबी.

निवृत्ती: गाडी गरम नाही होत, भाऊ. कधीच नाही झाली. मले चक्कर येते त्या पुलावर. भेव लागते.

गुलाबराव: आठले म्हणला ना?

निवृत्ती: हाव.

गुलाबराव: पावणेआठले पाठवतो. बूट घालाले लावतो तिले, सँडलीनं चालणं होत नाही. अन् निवृत्ती, मांगून कोणी हॉर्न वाजवला तं वाजवू दे. घाई करू नको. ठेव.

काजल: सात घरं राह्यले.

निवृत्ती: तठी फोनवर नाही सांगत. जाऊन सांगतो. पहिले वापस तं जाऊ.

काजल: चला, मी होते समोर. बाबा, हा कॅन इथंच सांडून टाकू काय? आता कायले लागते रेडिएटरले?

निवृत्ती: राहू दे. घरी गेल्यावर चांगला घासून घे अन् ताजं पाणी भर. नऊ पोरी चालतीन उन्हात, तहान लागन.