वॉटलच्या निरोपाचा केक

— नाही म्हणजे नाही, टेगन. हात काढ त्या बटणांवरून. वॉटलमध्ये इंधन आहे, त्याला बाजूला सरकवता येईल, सगळं मान्य — पण सरकवायचं नाही. या खोलीची प्रमुख मी आहे, लोर्ना पॅस्को, तू नाहीस. तो परका उपग्रह आपल्या जुन्या वॉटल उपग्रहाला खेटायला येतोय ना, येऊ दे. त्याला यांत्रिक हात आहे म्हणतात — कसा धरतो, कुठून मोडतो, ते आपला नवा उपग्रह मागून टिपतोय. मोठा मासा हवा तर आमिष नको का? तू पोर्ट लिंकनची, मासेमारांच्या बंदरातली, तुला मी काय सांगू!

हो गं, बुडणाऱ्या बोटींची हाक वॉटलच ऐकतो. मग? दुसरा त्याच्या जागी येईपर्यंत दोन-चार दिवस कोणी ऐकणार नाही, एवढंच — वादळ आहे, ठाऊक आहे. तुझा भाऊ केल ट्यूना पकडणाऱ्या बोटीवर समुद्रात आहे, तेही ठाऊक आहे. नाही, फोन बाहेरच्या कप्प्यातच राहणार. नियम आहे तो, खास तुझ्यासाठी नाही केला. आणि बोटींना परत बोलावलं असतं तर तो परका उपग्रह पाठवणाऱ्यांच्याही कानावर गेलं असतं — आला असता मग तो?

अशी बघू नकोस माझ्याकडे. इतकी वर्षं सांभाळलास, जीव तुटणारच. मी काय दगड आहे? केक आणलाय बघ — उपग्रह गेला की केक कापायचा, आपली रीतच आहे. ॲडलेडहून मागवलाय, वर क्रीमने नाव घातलंय — वॉटल. तो बेकरीवाला मेला आधी सांगितल्याशिवाय करत नाही, म्हणून सोमवारीच मी —

काय? हो, परका काल दिसला. तुम्हाला काल दिसला. मला — बरं, सोमवारीच कळलं होतं. सोमवारी बोटी बंदरातच होत्या, हो. झालं समाधान? सांगितलं असतं तर तू गप्प बसली असतीस? भावाला फोन करून मोकळी झाली असतीस.

बघ, बघ — धरला! काय सफाई आहे, वा! — गेला. वॉटलचा आवाज बंद.

रडायचं तर रड, दार इतक्यात उघडणार नाही. सुरी घे आणि केक काप. केलला खोबऱ्याचा आवडतो, तूच म्हणाली होतीस — त्याच्यासाठी एक तुकडा बाजूला काढ. — नको?

बरं. मग सगळ्यांना वाटून टाक.